घरी वळलेली व्हेप कॉईल: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. हातात बारीकसारीक काम असलं की ज्याला बरं वाटतं, त्याने व्हेपची (ई-सिगारेटची) कॉईल, म्हणजे आतलं लिक्विड तापवून वाफ करणारी तारेची गुंडाळी, घरी वळून बघावी. ज्याला फक्त सिगारेट सोडायची आहे त्याने तयार कॉईलचा साधा पॉड (छोटा, सुटसुटीत व्हेप) घ्यावा, उगाच तारेच्या नादी लागू नये. आणि जो सिगारेट ओढतच नाही त्याने या भानगडीत पडूच नये. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवासुद्धा हेच सांगते: व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, पण निरुपद्रवी नाही.

मी इंग्लंडमध्ये राहतो, त्यामुळे इथे हे सगळं दुकानात राजरोस मिळतं. टँक (लिक्विडची टाकी) २ मिलीचा, निकोटिन मिलीमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम, निकोटिनवाली बाटली १० मिलीच्या पुढे नाही, असे इथले नियम. माझा संच साधा आहे: १८६५० आकाराच्या एका बॅटरीवर चालणारा, स्क्रीनवर वॅट आणि ओहम दाखवणारा मॉड (व्हेपचा बॅटरी-बटणाचा भाग), त्यावर एका कॉईलचा आरटीए (म्हणजे ज्यात कॉईल आणि कापूस आपण बसवायचा असा टँक), कँथल ए-१ या मिश्रधातूची २६ गेज जाडीची तार, ती गुंडाळायला ३ मिमीची दांडी, छोटा स्क्रूड्रायव्हर, तार कापायची पक्कड, सिरॅमिक टोकांचा चिमटा आणि जपानी कापसाच्या चपट्या घड्या. चिमट्यात काटकसर करू नका. धातूच्या चिमट्याने तापती कॉईल दाबली की शॉर्ट झालंच म्हणून समजा.

पैशांचं गणित ज्याच्या त्याच्या डोक्यात पहिलं येतं, म्हणून तेही उरकून घेऊ. एका कॉईलला हाताने धरायची टोकं मिळून दहाएक सेंटिमीटर तार लागते. म्हणजे दहा मीटरच्या रिळात शंभर कॉईल, आणि ते रीळ तयार कॉईलच्या पाकिटापेक्षा कितीतरी स्वस्त. मात्र सुरुवातीचा आरटीए, अवजारं, चार्जर धरले तर फायदा दिसायला काही महिने जातात. शिवाय खरा खर्च लिक्विडचा आहे. १ ऑक्टोबर २०२६ पासून ब्रिटनमध्ये दर १० मिलीवर २.२० पौंड कर लागायचा ठरला आहे, निकोटिन असो वा नसो. तार वळून तो काही चुकत नाही.

नवशिके तारेवर फार वेळ घालवतात. कँथल, नायक्रोम की स्टील, २६ की २८, सरळ की पीळ घातलेली! माझं मत स्पष्ट आहे: पहिले काही महिने कँथलची साधी गोल तार सोडून दुसरं काही घेऊ नका. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या या मिश्रधातूचा रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात तो) गरम होताना फारसा बदलत नाही, त्यामुळे मॉडच्या मीटरवरचा आकडा भरवशाचा राहतो. नायक्रोम ८० लवकर तापते, पण तिच्यात ८० टक्के निकेल. ज्यांना नकली दागिन्यांनी खाज सुटते त्यांनी लांब राहिलेलं बरं. ३१६ एल स्टीलचा रोध तापल्यावर वाढतो, म्हणून ते मॉडच्या तापमान-नियंत्रणाला (रोधावरून कॉईलचं तापमान ओळखून ते आवरण्याच्या सोयीला) चालतं, पण मग थंड असताना मोजलेलाच आकडा खरा धरायचा. टायटॅनियम आणि शुद्ध निकेलची तार कापसाविना लाल होईपर्यंत कधीही तापवू नये. नवशिक्याने ती घेऊच नये.

आता प्रत्यक्ष वळणं. ३ मिमीच्या दांडीवर २६ गेजचे सहा वेढे, एकमेकांना चिकटून. हिशेब असा: तार सुमारे ०.४ मिमी जाड, म्हणून एका वेढ्याला साधारण १०.७ मिमी तार जाते. सहा वेढे आणि दोन्ही टोकांचे मिळून सेंटिमीटरभर धरलं तर साडेसात सेंटिमीटर. या तारेचा रोध दर मीटर लांबीला साधारण ११ ओहमच्या वर, म्हणून कॉईल ०.८ ते ०.८५ ओहमची येते. मीटरने ०.८३ दाखवलं तर छान. १.४ दाखवलं तर तार वेगळी आहे किंवा स्क्रू नीट बसलेला नाही. ०.३ दाखवलं तर कुठेतरी टोक डेकला (आरटीएच्या ज्या तळावर कॉईल बसते त्याला) टेकलंय. हे आकडेमोडीचं काम लोक टाळतात, पण निम्मे बिघाड इथेच, बटण दाबायच्या आधी सापडतात.

डेकवर बसवताना कॉईल हवेच्या भोकाच्या बरोबर वर, मिमी-दीड मिमी अंतरावर. दांडी आत ठेवूनच स्क्रू आवळायचे, नाहीतर शेवटच्या पिळाला कॉईल तिरकी होते. टोकं पोस्टला (स्क्रूच्या खांबाला) लागून कापायची. मग दहाएक वॅटवर बटण दाबून-सोडून बघायचं. लाली मधून सुरू होऊन दोन्ही बाजूंना सारखी पसरली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटत असेल तर वेढ्यांमध्ये फट आहे किंवा ते अर्धवट टेकलेत. बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने कॉईलवरून हलकेच खरवडायचं, दोन्ही बाजूंनी दाबायचं, पुन्हा बघायचं. टोकाची तारच लाल होत असेल तर ती लांब राहिली आहे किंवा स्क्रू सैल आहे.

इथवर सगळे पोचतात. खरी परीक्षा कापसाची, आणि एवढ्या महिन्यांनंतर माझं ठाम म्हणणं आहे की दहातल्या आठ तक्रारींचं मूळ तारेत नसून वातीत, म्हणजे कॉईलमधून ओवलेल्या या कापसात असतं. ज्यांनी घरी समईच्या वाती वळल्या आहेत त्यांना हे पटकन समजेल: घट्ट वळली की तेल चढत नाही.

घडीचे वरखालचे कडक पापुद्रे काढून टाका. कॉईलच्या भोकापेक्षा किंचित रुंद पट्टी कापा, टोक पिळून आत सरकवा. ओढताना बोटांना किंचित अडकल्यासारखं वाटलं पाहिजे, पण कॉईल जागची हलता कामा नये. बाहेरची दोन्ही टोकं डेकच्या कडेइतकी कापा, सुईने किंवा बारीक कंगव्याने विंचरा आणि खालचा भाग विरळ करा. हे विरळ करणं कुणी नीट सांगत नाही. कॉईलच्या आत कापूस भरलेला हवा, पण लिक्विडच्या वाटेवर हलका. डेकवरच्या ज्या भोकांतून लिक्विड येतं ती टोकांनी झाकायची, कोंबायची नाहीत. मग कापसावर थेंब-थेंब लिक्विड सोडून पूर्ण भिजू द्या, टँक भरा आणि पाच-दहा मिनिटं थांबा.

चुकलं काय हे चवीवरून कळतं. पहिल्याच झुरक्याला जळकट चव आली तर कापूस भिजलेला नाही किंवा कॉईलच्या आत फार दाटला आहे. पहिले तीन-चार झुरके बरे आणि मग घशाला ठसका लागला तर लिक्विड येतंय, पण सावकाश. टोकं आणखी विरळ करा किंवा दोन झुरक्यांत जास्त वेळ द्या. वॅट वाढवून हा दोष कधीच जात नाही, उलट कापूस करपतो, आणि करपलेला कापूस टाकूनच द्यावा लागतो. याच्या उलट बाजूला गुरगुर, तोंडात गरम थेंब उडणं आणि हवेच्या भोकातून गळती. सकाळी टँकखाली तळं दिसलं तर टोकं फार विरळ आहेत किंवा एक भोक उघडं राहिलंय. फक्त भरताना गळत असेल तर कापसाला दोष नाही. झाकण उघडलं की आतला कमी दाब संपतो आणि लिक्विड खाली ढकललं जातं. हवेचं कडं (हवेची भोकं उघडझाप करणारं) बंद करून भरा, झाकण लावा, टँक क्षणभर उलटा धरून मग कडं उघडा.

हिवाळ्याने एक गोष्ट नीट दाखवली. ७० टक्के ग्लिसरीनचं लिक्विड थंडीत दाट होतं. घरात झकास चालणारी वात बस स्टॉपवर कोरडी पडते. मी ग्लिसरीन निम्मंच असलेल्या पातळ लिक्विडवर आलो आणि टोकांना थोडा जास्त कापूस ठेवला. चव थोडी पातळ, पण कटकट संपली.

गोड चवीची लिक्विडं मात्र कॉईलची वैरी. त्यातल्या गोडव्याचा तारेवर काळा चिकट राप बसतो. साध्या पुदिन्यावर वात चांगली टिकते, कस्टर्डवर दोन-तीन दिवसांत चव जाते. कापूस काढून, कमी वॅटवर तापवून, पाण्याखाली धुऊन कँथल पुन्हा वापरता येते, पण तार इतकी स्वस्त आहे की मी फार वेळा तसं करत नाही. तसंही जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये कॉईलमधून वाफेत धातू उतरत असल्याचं दाखवलं होतं. जुनी, रापलेली तार ओढत बसण्यात काही हशील नाही.

दोन गोष्टींत मात्र थट्टा नको. पहिली बॅटरी. माझ्या ०.८३ ओहमच्या कॉईलवर पूर्ण चार्ज झालेली ४.२ व्होल्टची बॅटरी थेट लावली तरी पाचएक अँपिअर जातात. तीच कॉईल ०.२ ओहमची केली तर २१. सॅमसंगची २५-आर बॅटरी सतत २० अँपिअरला बनवलेली आहे, म्हणजे तिथेच मर्यादा संपली. म्हणून कुठलंच सुरक्षा सर्किट नसलेला मेकॅनिकल मॉड नवशिक्याच्या हातात नसावा. बॅटरीचं प्लास्टिक फाटलं की ती बाद, आणि खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटी बॅटरी कधीच नाही. दुसरी गोष्ट तेल. आपल्याकडे सर्दी झाली की निलगिरीचे दोन थेंब सुचतात. व्हेपमध्ये कुठलंही तेल घालायचं नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसं निकामी होण्याची जी साथ आली, तिचा संबंध गांजाच्या द्रवात मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या तेलकट संयुगाशी लागला होता.

काय आवडलं नाही? प्रवास. ट्रेनमध्ये वात बदलणं अशक्य आहे, म्हणून बाहेर जाताना एक साधा पॉड ठेवावाच लागतो. आणि भारतात जाताना तर काहीच नाही. तिथे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा, सगळ्यावर बंदी आहे. आयात-विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘फक्त माझ्यापुरतं आहे’ म्हणत पुण्याच्या सामानात मॉड टाकू नका, तार आणि टँकही नको. मी निकोटिन गम नेतो. संपलं तर तिथल्या औषधाच्या दुकानात मिळतं.