ओआरसी अ‍ॅडव्हान्स्ड: पावडर चोख, हिशेब मात्र मातीचा करा

पेट्रोल-डिझेलच्या गळतीने बाधित झालेल्या भूजलासाठी रिजेनेसिस कंपनीची ही फिकट पावडर वापरतात. मुख्य घटक कॅल्शियम ऑक्सिहायड्रॉक्साइड. वजनाच्या १७ टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन मिळतो आणि तो वर्षभरापर्यंत सावकाश सुटत राहतो, असं कंपनी सांगते. जुन्या मॅग्नेशियम पेरॉक्साइडच्या पावडरीत हेच प्रमाण साधारण १० टक्के होतं, म्हणजे तेवढ्याच कामाला जवळजवळ दुप्पट गोण्या. घाण खातात ते जमिनीतलेच जिवाणू. पावडर त्यांना फक्त श्वास पुरवते.

वापर फसतो तो बहुतेक वेळा मात्रा काढताना. एक किलो बेंझिन किंवा टोल्युइन पूर्ण जिरवायला सुमारे तीन किलो ऑक्सिजन लागतो. समजा बाधित भाग १० बाय १० मीटर, जाडी ३ मीटर, सछिद्रता, म्हणजे मातीतल्या पोकळीचा वाटा, ३० टक्के. आत ९० घनमीटर पाणी. लिटरमागे १० मिलिग्रॅम प्रदूषक धरलं तर एकूण ९०० ग्रॅम, आणि पावडर लागेल जेमतेम १६ किलो. आकडा बघून बरं वाटतं. पण त्याच भागातल्या ५१० टन मातीला किलोमागे ५० मिलिग्रॅम चिकटलेलं असेल, तर ते साडेपंचवीस किलो भरतं आणि पावडर जाते ४५० किलोवर! नुसत्या पाण्याच्या नमुन्यावर मात्रा ठरवली की चार-सहा महिने आकडे उतरतात, मग मातीतून प्रदूषक पुन्हा पाण्यात येतं आणि दोष पावडरीच्या माथी बसतो. विरघळलेलं लोह आणि मातीतला सेंद्रिय कार्बनही ऑक्सिजन ओढतात, तेही हिशेबात धरावेत.

पावडर पाण्यात कालवून तिची पातळ स्लरी करतात आणि जमिनीत पाडलेल्या छिद्रांतून पंपाने आत सोडतात. स्लरी करायला आधी पाणी घ्यावं, मग ढवळत ढवळत पावडर सोडावी. १०० किलोला सुमारे २३० लिटर पाणी घेतलं की ३० टक्क्यांची स्लरी होते. अर्ध्या तासात संपेल एवढीच कालवावी. थांबलं की तळाला बसते आणि नळीत राहिली तर घट्ट होते, म्हणून प्रत्येक छिद्रानंतर पंप आणि नळी धुवावी. वाळूत छिद्रांमधलं अंतर ३ मीटर चालतं, चिकणमातीत दीड मीटरच्या आसपास ठेवावं. चिकणमातीत दाब वाढवण्याचा मोह टाळा. स्लरी भेगेतून वाट काढते आणि शेजारच्या छिद्रातून वर येते. काम झालेलं छिद्र बेंटोनाइटने, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या मातीने, बंद करावं.

उरलेली ओली पावडर घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवू नये. ऑक्सिजन सुटतच राहतो, झाकण फुगतं आणि उडतं. कोरडी पावडर पेट्रोल, तेलकट चिंध्या, लाकडाचा भुसा यांच्यापासून लांब ठेवावी. धूळ डोळ्यांना झोंबते. गॉगल, धूळरोधक मास्क आणि हातमोजे हवेतच.

ऑक्सिजन सुटल्यावर मागे चुना उरतो. पावडर पडली तिथला पीएच ११ च्या वर जाऊ शकतो आणि तिथले जिवाणू काही काळ थंडावतात. थोड्या अंतरावर माती हा परिणाम शोषून घेते. ज्या विहिरीत पावडरीच्या पिशव्या सोडल्या, तिचाच नमुना घेऊन यश जाहीर करणं निरर्थक आहे. तिथे ऑक्सिजन लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या वर दिसला तरी त्यातून एवढंच कळतं की पावडर अजून संपलेली नाही. प्रवाहाच्या खालच्या बाजूची विहीर तपासावी. सुरुवातीला तिथे ऑक्सिजन शून्याजवळच राहिला आणि बेंझिन उतरत असेल, तर घाबरू नये. येतो तेवढा वाटेतच खाल्ला जातोय. लोह जास्त असेल तर विहिरीच्या जाळीवर नारिंगी गाळ बसतो, ती अधूनमधून साफ करावी लागते.

कडेच्या, विरळ होत गेलेल्या प्रदूषणासाठी माल उत्तम. पाण्यावर पेट्रोलचा थर तरंगत असेल तर आधी तो उपसा, नाहीतर कितीही गोण्या ओतल्या तरी पुरणार नाहीत. परक्लोरोइथिलीनसाठी (ड्रायक्लीनिंगचं द्रावक) तर घेऊच नका, ते ऑक्सिजनच्या जोरावर मोडत नाही. त्याच्यापासून जमिनीत तयार होणारं विनाइल क्लोराइड मात्र मोडतं.