पार्किंगमध्ये घेतलेला होम थिएटर आणि हरवलेला खर्ज

माझ्या वडिलांनी पंचवीस-तीस वर्षे सवाई गंधर्व महोत्सव एकदाही चुकवला नाही. रमणबागेच्या मैदानावर सतरंजीवर बसून रात्र रात्र गाणे ऐकलेल्या पिढीतले ते आहेत. आता गुडघे साथ देत नाहीत आणि गर्दी सोसवत नाही, त्यामुळे त्यांचे गाणे मोबाइलवर येऊन थांबले होते. ‘आवाज येतो, पण तानपुरा येत नाही,’ एवढेच ते म्हणत. घरात त्यांच्यासाठी नीट ऐकू येईल अशी ध्वनियंत्रणा बसवावी म्हणून मी वर्षभर पैसे बाजूला टाकले आणि त्यातून तीस हजार रुपये जमले. त्यातले अठरा हजार माझ्या हातून कसे गेले, ते मी येथे तपशिलात लिहीत आहे, कारण हीच युक्ती वापरणारी माणसे आजही फिरत आहेत.

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी पुण्यातल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये मी गाडीत सामान ठेवत असताना शेजारी एक पांढरी व्हॅन येऊन थांबली. आत दोन तरुण होते. दोघांच्याही अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट आणि गळ्यात ओळखपत्रे होती. त्यांतल्या एकाने अदबीने विचारले, ‘सर, घरी म्युझिक सिस्टिम आहे का?’ आणि मग त्याने जे सांगितले ते ऐकणाऱ्याला सहज पटावे असेच होते. हिंजवडीतल्या एका क्लबहाउसला दहा संच पोहोचवायचे होते, गोदामातून चुकून बारा चढवले गेले, चलनावर दहाच आहेत, परत नेले तर गोदामवाल्याची नोकरी जाईल, म्हणून ते दोन संच मिळेल त्या किमतीला काढून टाकायचे आहेत, असे त्याचे म्हणणे होते. त्याने चलन दाखवले, चकचकीत माहितीपत्रक दाखवले आणि मोबाइलवर कंपनीची वेबसाइट उघडून त्याच संचाची किंमत ८९,९९० रुपये असल्याचे दाखवले. खोक्यावर जर्मन वाटावे असे नाव होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘१२,००० वॅट पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल शक्तीचा दावा) असे छापलेले होते.

या फसवणुकीला परदेशात व्हाइट व्हॅन स्पीकर स्कॅम असे नावच पडलेले आहे, आणि अमेरिका, कॅनडा, युरोप, ऑस्ट्रेलिया येथे ती निदान १९८० च्या दशकापासून चालत आली आहे, हे मला नंतर कळले. चुकून जास्तीचा भरला गेलेला माल, घाई, छापील किमतीचा कागद, ही सारी मांडणी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. ती मला आधी ठाऊक असती, तर पहिल्या वाक्यालाच मी गाडीचे दार लावून घेतले असते.

त्यांनी पस्तीस हजारांपासून सुरुवात केली. मी नाही म्हणत गेलो आणि आकडा उतरत गेला. आपल्या घासाघिशीमुळे किंमत उतरते आहे असे वाटले की माणूस माल तपासायचे विसरतो, आणि माझे तेच झाले. मी आवाज ऐकवायला सांगितले तेव्हा त्यांनी व्हॅनचे मागचे दार उघडून, आत आधीच जोडून ठेवलेल्या एका संचावर ढोलताशांच्या ठेक्याचे एक फिल्मी गाणे मोठ्याने लावले. पत्र्याच्या बंद व्हॅनमध्ये तो ठेका अंगावर आला. उघड्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या आवाजात, त्यांनीच निवडलेले गाणे, तेही मी विकत घेणार त्या नव्हे तर दुसऱ्याच संचावर वाजत होते, आणि त्यात मानवी गळा असा जवळजवळ नव्हताच. माझ्या मोबाइलमध्ये बाबांचे आवडते विलंबित ख्यालाचे ध्वनिमुद्रण होते. ते लावा, असे मी म्हटले असते तर अर्ध्या मिनिटात सगळे उघड झाले असते.

खोके उचलून पाहिले तर ते चांगलेच जड होते. चांगला स्पीकर जड असतो, हे मी कुठेतरी वाचलेले होते, आणि त्या वजनाने माझी उरलीसुरली शंका गेली. सौदा अठरा हजारांवर ठरला. त्यातले आठ हजार मी त्यांच्या क्यूआर कोडवर पाठवले. पडद्यावर कंपनीचे नव्हे तर एका व्यक्तीचे नाव आले, तेव्हा ‘आमच्या सुपरवायझरचे खाते आहे’ असे उत्तर मिळाले. उरलेले दहा हजार मी मॉलमधल्या एटीएममधून काढून आणून दिले. मी पैसे मोजत असतानाच दुसऱ्याने खोकी माझ्या गाडीत ठेवलीही होती.

घरी संध्याकाळी संच जोडला. बाबा जवळ येऊन बसले. मी तेच विलंबित ख्यालाचे ध्वनिमुद्रण लावले. गायकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येत होता, डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या जागी नुसते ‘फट्’ ऐकू येत होते, आणि आवाज थोडा वाढवला की सगळे खरखरू लागे. बाबांनी दोन-तीन मिनिटे ऐकले आणि विचारले, ‘खर्ज कुठे आहे?’ खर्ज म्हणजे खालच्या सप्तकातला भरदार सा.

या प्रश्नामागचे गणित मी पुढे समजून घेतले. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज, म्हणजे मधल्या सप्तकातला सा, साधारण १३८ हर्ट्झवर असतो, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या सप्तकभर खाली, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर लावलेली असते. तीन-चार इंची हलका स्पीकर तेवढा खाली जाऊच शकत नाही. वरचे उपस्वर ऐकू येत असल्यामुळे कान त्या स्वराची ओळख भरून काढतो, पण त्याचा पाया येत नाही. मोबाइलवर आवाज येतो पण तानपुरा येत नाही, असे बाबा म्हणत तेव्हा ते अगदी नेमके बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी तो संच बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका जुन्या कारागिराकडे नेला. त्यांनी स्क्रू काढायला घेतले आणि मी शेजारी उभा राहून पाहत होतो. उभ्या स्पीकरच्या जाळीआड तीन गोल दिसत होते. त्यांतला एकच खरा होता, चार इंची, आणि त्यामागचे चुंबक दोन बिस्किटे एकावर एक ठेवावीत एवढेच होते. उरलेले दोन म्हणजे नुसत्या प्लास्टिकच्या वाट्या होत्या. त्यांना ना चुंबक होते ना वायर. पेटीच्या तळाशी सिमेंटचा ठोकळा चिकटवलेला होता, आणि मी ज्या वजनावर विश्वास टाकला होता ते वजन त्याचे होते. कारागिरांनी तो पाना मारून सोडवला आणि माझ्या हातात दिला. त्याच्या एका कडेला वर्तमानपत्राचा तुकडा चिकटलेला होता.

मग त्यांनी अॅम्प्लिफायर उघडला. ‘साहेब, वॅट खोक्यावर वाचायचे नसतात, ट्रान्सफॉर्मरवर वाचायचे असतात,’ असे म्हणत त्यांनी ट्रान्सफॉर्मरवरचा शिक्का दाखवला. त्यावर १२-०-१२, तीन अँपिअर असे लिहिलेले होते. बारा अधिक बारा म्हणजे चोवीस व्होल्ट, आणि चोवीस व्होल्ट गुणिले तीन अँपिअर म्हणजे बहात्तर. एवढ्यातून बहात्तर वॅटपेक्षा अधिक शक्ती सतत बाहेर पडणे शक्यच नाही, आणि त्यातलाही बराच भाग उष्णतेत जातो. आत टीडीए २०३० या फक्त दोन आयसी, म्हणजे आवाजाची शक्ती वाढवणाऱ्या चिप, होत्या. अनुकूल स्थितीत अशी एक आयसी चौदा वॅटच्या आसपास देते. म्हणजे पाचही स्पीकर या दोन आयसींवरच समांतर जोडलेले होते आणि खोक्यावरचे ‘५.१’ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, प्रत्येकाला स्वतंत्र आवाज) हे शब्दही खोटे होते. पीएमपीओ या आकड्याला कोणत्याही मान्य मापनपद्धतीचा आधार नाही, तो छापणाऱ्याच्या मर्जीवर असतो. ज्याला अर्थ आहे तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा. खरोखर १२,००० वॅट खेचायचे तर २३० व्होल्टवर बावन्न अँपिअर लागतील. घरातला साधा प्लग सहा अँपिअरचा असतो, आणि या संचाची वायर तर दोन पिनांची, चार्जरच्या वायरीएवढी बारीक होती. हा हिशेब व्हॅनजवळ उभ्या उभ्या करता आला असता, हे मला आजही डाचते.

तक्रारीचे काय झाले तेही लिहितो, कारण अशा वेळी काय हाताशी असावे लागते ते त्यातून कळेल. सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर मी फोन केला, पण पैसे पाठवून वीस तास उलटून गेले होते आणि त्या खात्यातले पैसे काढून घेतलेले होते. असा फोन पहिल्या तासाभरात करायला हवा. पोलीस चौकीत अर्ज घेतला गेला. तेथे व्हॅनचा नंबर विचारला, आणि तो मी टिपलेला नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर विक्रेत्याचे नाव आणि पत्ता मागितला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, परंतु दावा लावायचा कोणावर, हेच मला सांगता येत नव्हते. व्हॅनवाल्यांनी दिलेल्या पावतीवर जीएसटी क्रमांक होता, महाराष्ट्राच्या २७ या आकड्याने सुरू होणाराही होता, पण मी अक्षरे मोजली तेव्हा ती चौदा भरली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, आणि तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की दुकानाचे नाव लगेच दिसते. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि ग्राहक तक्रारीचा क्रमांक असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या खोक्याच्या सहाही बाजू मी घरी येऊन पाहिल्या, तेथे यातले काहीही नव्हते.

मन इतके विटले होते की उरलेले बारा हजार बँकेत ठेवून विषय सोडून द्यावा असे वाटत होते. तपकीर गल्लीतल्या त्या कारागिरांनीच मला थांबवले. नव्या पाच स्पीकरांच्या नादी लागू नका, गाण्याला दोनच पुरतात, फक्त ते खरे असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्याकडे दुरुस्तीला येऊन पडून राहिलेला एक जुना भारतीय बनावटीचा स्टिरिओ अॅम्प्लिफायर होता, दर बाजूला वीस वॅट आरएमएसचा. त्यातले वाळलेले कपॅसिटर बदलून त्यांनी तो साडेचार हजारांना दिला. साडेसहा इंची स्पीकर असलेली बुकशेल्फ पेट्यांची एक वापरलेली जोडी त्यांच्या ओळखीतून साडेसहा हजारांना मिळाली. या वेळी मी बाबांना रिक्षाने दुकानात घेऊन गेलो आणि त्यांच्या पसंतीचे ध्वनिमुद्रण पूर्ण वीस मिनिटे ऐकल्यावरच पैसे दिले.

वीस वॅट कमी पडतील अशी मला धास्ती होती, ती निराधार निघाली. अशा पेटीला एक वॅट दिला तर मीटरभर अंतरावर ८५ ते ८८ डेसिबल आवाज निघतो, आणि आपले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. दहा बाय बाराच्या खोलीत गाणे ऐकताना बहुतेक वेळ एक वॅटही खर्च होत नाही. जागेचा परिणाम मात्र वॅटपेक्षा कितीतरी मोठा होता. पेट्या आधी भिंतीला टेकवून टीपॉयवर ठेवल्या होत्या, तेव्हा डग्गा गढूळ येत होता. त्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घेतल्या, लाकडी स्टुलांवर चढवून ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचे छोटे स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणले, दोन पेट्यांमध्ये जेवढे अंतर तेवढ्याच अंतरावर बाबांची खुर्ची ठेवली आणि समोरच्या उघड्या भिंतीवर जाड पडदा लावला. या सगळ्याला पडद्याखेरीज काहीही खर्च आला नाही.

सिमेंटचा तो ठोकळा, पावती आणि खोक्याची छायाचित्रे मी चौकीतल्या अर्जाला जोडली आहेत. अर्जावर अजून कारवाई झालेली नाही. बाबा रोज सकाळी सहाला रेडिओ बंद करून अॅम्प्लिफायर लावतात. पहिल्या दिवशी मी उत्साहाने आवाज वाढवला होता, तर त्यांनी हातानेच खूण करून तो कमी करायला लावला, आणि कमी केल्यावर आम्ही दोघे काही न बोलता खाली खर्ज लागतो आहे का ते ऐकत बसलो. तो लागत होता.