शाळेसाठी जमलेला पैसा: खोलीत घालावा, वाचनात की पोरांच्या फीमध्ये?

यात्रेला गाव भरलं की शाळेसाठी वर्गणी निघते. मुंबईकर देतात, सांगली जिल्ह्यात विटा-आटपाडीकडं तर देशभर पांगलेले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, सढळ हातानं देतात. पैसा कशात घालायचा यावर मात्र तीन मतं पडतात. एक, नवी खोली नाहीतर डिजिटल वर्ग. दोन, लहान पोरांचं वाचन-गणित पक्कं करणं. तीन, दहावी-बारावी झालेल्यांची आयटीआयची किंवा पदवीची फी भरणं. शिक्षणानं गाव वर येतं हे तिघांनाही मान्य आहे. पण ते नेमकं कशामुळं वर येतं, हे पाहिलं तर तिन्ही पर्याय एका पारड्यात बसत नाहीत.

खोलीची बाजू कच्ची नाही. इंडोनेशियानं १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत, तेलाचा पैसा हातात आल्यावर, ६१ हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. त्या शाळांचा लाभ मिळालेली मुलं जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांचा पगारही वाढला, हे अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी दाखवून दिलं. पण तिथं बऱ्याच भागांत आधी शाळाच कमी होत्या. आपल्याकडं वाडी-वस्तीवरसुद्धा जिल्हा परिषदेची शाळा आहे. छत गळत असेल, मुलींना स्वच्छतागृह नसेल, तर चर्चा न करता आधी तेच करा. बाकी स्क्रीन आणि टॅबलेटचं म्हणाल, तर पेरू देशानं लाखो मुलांना लॅपटॉप वाटले आणि तपासणीत भाषा-गणितात काही फरक दिसला नाही.

माझा कल दुसऱ्या पर्यायाकडं आहे, आणि त्याचं कारण नीट सांगतो. एरिक हनुशेक आणि लुडगर वोसमान या अर्थतज्ज्ञांनी अनेक देशांची तुलना केली. मुलं किती वर्षं शाळेत बसली यापेक्षा त्यांना गणित-विज्ञान किती येतं, याचा देशाच्या वाढीशी जास्त घट्ट संबंध निघाला. आपल्या देशात २०१८ च्या ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भागातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नव्हता. म्हणजे शाळेत वर्षं जातात आणि पदरात फार थोडं पडतं.

हे आपल्या शाळेतही बघता येतं. चौथीच्या पोराला ५२ वजा २७ घाला. कितीतरी पोरं ३५ लिहितात, कारण प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा काढायचा एवढंच त्यांना उमगलेलं असतं. पुढं अपूर्णांक आला, टक्केवारी आली की हेच पोर गप्प बसतं, आणि आपण म्हणतो त्याला गणितात गोडी नाही. हेच पोर उद्या तासगावच्या द्राक्षबागेत उभं राहणार आहे. लिटरला किती मिली औषध, फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही, हे लेबल वाचून त्यालाच ठरवावं लागणार. माल निर्यातीचा असेल तर औषधाच्या अंशावरून तो नाकारलाही जातो. हरितक्रांतीच्या काळातही जिथं नवं बियाणं रुजलं, तिथं प्राथमिक शिक्षण झालेल्या शेतकऱ्यांनी निरक्षरांपेक्षा त्याचा जास्त फायदा उठवला.

यावर उपाय महाग नाही. ‘प्रथम’ संस्थेची पद्धत अशी: इयत्ता न बघता अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट यांपैकी मूल कुठं अडतं ते बघायचं, त्याप्रमाणं गट करायचे आणि रोज तास-दीड तास त्याच पातळीवर शिकवायचं. गावातली एखादी शिकलेली मुलगी किंवा सून मानधनावर हे करू शकते. अडचण एकच: यात उद्घाटन नाही, देणगीदाराच्या नावाची फरशी बसत नाही. गावकीत ही अडचण लहान नसते, म्हणून ती आधीच बोलून घ्यावी.

फीचा फायदा सगळ्यात लवकर दिसतो. एक पोरगा कामाला लागला की एक घर सावरतं. पण शिकलेल्याला काम देणारं कुणीतरी लागतं. १९६० च्या सुमारास फिलिपिन्स शिक्षणात दक्षिण कोरियाच्या बरोबरीनं होता आणि दरडोई उत्पन्नात पुढं होता. पुढं कोरियात निर्यातीचे कारखाने उभे राहिले, शिकलेले हात त्यात खपले आणि फिलिपिन्स मागं पडला. आपल्याकडं १९१० मध्ये किर्लोस्करांच्या कारखान्यासाठी किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हा आसपासच्या माणसांना काम मिळालं आणि ती कामावरच शिकली. गलाईचं कसबही पाव्हण्याच्या दुकानात बसूनच येतं, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. त्यामुळं फी देण्याआधी कुपवाड नाहीतर पलूसच्या एमआयडीसीत चौकशी करा: फिटर हवेत, वेल्डर हवेत की इलेक्ट्रिशियन? मागणी नसलेल्या पदवीला सरसकट पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नोकरी लागल्यावर रक्कम हप्त्यानं परत घ्या, म्हणजे पुढच्या पोराची सोय होईल.

पैसा थोडा असेल तर सगळा वाचन-गणितात घाला. बऱ्यापैकी असेल तर त्यातला काही भाग दोन-चार गरजू पोरांच्या आयटीआयसाठी बाजूला काढा, त्यात मुली असतीलच असं बघा. ठराव करण्याआधी मात्र गुरुजींना सोबत घेऊन तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाचं वाचन ऐका आणि नावासमोर पातळी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तीच वही काढून पुन्हा ऐका. मुलं वर सरकली नसतील तर शिकवण्याची पद्धत बदला, आणि तोवर उरलेल्या पैशाला हात लावू नका.