नवं शिवणकाम: भाचीकडून की मोबाइलवरून?

आयुष्यभर ब्लाउज शिवलेल्या बाईला नवं काही शिकायचं तर हाताशी व्हिडिओ असतात, नाहीतर फॅशन डिझाइन शिकणारी भाची. व्हिडिओ फुकट, रात्री अकरालाही हजर. पण आपलं चुकतंय कुठे, ते तो सांगत नाही.

इनव्हिजिबल चेनचंच, म्हणजे शिवणीत लपून बाहेरून न दिसणाऱ्या चेनचंच घ्या. इथे आधी चेन लावायची, मग तिच्याखालची शिवण जोडायची. वळलेले दात कोमट इस्त्रीने हलकेच उलगडायचे आणि सुई अगदी दातांलगत चालवायची. भाची बोट ठेवून म्हणते, "मावशी, अजून आत घे," तेव्हाच ते हाताला कळतं.

टी-शर्टच्या कापडाला बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई आणि झिगझॅग टाका, एवढं व्हिडिओवरूनही जमतं. तरी माझं मत भाचीलाच. दादरच्या हिंदमाता बाजारात कापड निवडायलाही तीच सोबत हवी.