फायरफॉक्सची दोन प्रोफाइल आणि सहीपुरता एज: काही महिन्यांच्या वापरानंतर

ब्राउझरचा विषय निघाला की बोलणं लगेच वेगावर जातं. मी गेले बरेच महिने एकाच लॅपटॉपवर ऑफिसचं आणि घरचं काम करते आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह, फायरफॉक्स, सगळे नीट वापरून पाहिले. वेगावरून यांच्यात निवड करावी असं मला आता अजिबात वाटत नाही. टॅक्स रिटर्नच्या शेवटच्या तारखेला सरकारी सर्व्हरवर गर्दी असली की चारही ब्राउझरमध्ये चक्र सारखंच फिरतं. निवड करायची ती लॉगिनवरून. कुणाचं लॉगिन कुठे राहतं आणि शेजारच्या टॅबला त्यातलं काय दिसतं, हे माझ्या कामात सगळ्यात महत्त्वाचं.

मी नाशिकमध्ये जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं काम बघते. सातपूर-अंबडचे छोटे कारखानदार, पंचवटीतले दुकानदार, पिंपळगाव-दिंडोरीकडचे द्राक्ष निर्यात करणारे, अशा माझ्या पार्ट्या, म्हणजे क्लायंट. एकाच सकाळी एका पार्टीची टू-बी (खरेदीवरच्या जीएसटी क्रेडिटचा तक्ता) तपासायची, दुसरीचं चलन काढायचं, मध्येच तिसरीचा फोन येतो की नोटीस आली आहे, जरा बघा ना मॅडम. आणि अडचण इथेच येते. ब्राउझर एका प्रोफाइलच्या, म्हणजे त्याच्या एका स्वतंत्र कप्प्याच्या, सगळ्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) एकाच ठिकाणी ठेवतो. शेजारच्या टॅबमध्ये त्याच पोर्टलवर दुसऱ्या पार्टीचं लॉगिन केलं की पहिलं सत्र तुटतं. इनकॉग्निटो खिडकी उघडली तर आणखी एका लॉगिनची सोय होते, पण तेवढीच, कारण इनकॉग्निटोच्या सगळ्या खिडक्यांच्या कुकीज पुन्हा एकाच ठिकाणी असतात.

फायरफॉक्समध्ये यावर ‘मल्टि-अकाउंट कंटेनर्स’ नावाचं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायची पुरवणी) आहे, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं स्वतःचं, मोफत. माझ्यासाठी फायरफॉक्स घ्यायचं निम्मं कारण हेच. प्रत्येक कंटेनरच्या कुकीज वेगळ्या राहतात, म्हणून एकाच खिडकीत एकाच पोर्टलवर चार पार्ट्यांची लॉगिनं शेजारी शेजारी चालतात. नव्या टॅबचं अधिकचिन्ह दाबून धरलं की कंटेनरची यादी येते. टॅबवर त्या कंटेनरच्या रंगाची रेघ असते आणि ॲड्रेस बारमध्ये त्याचं नावही दिसतं. मी नियमित पार्ट्यांना एकेक कंटेनर दिला आहे. चलन काढताना रंग आणि नाव बघूनच पुढचं बटण दाबायचं, असा ऑफिसात नियम केला आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीलाही पहिल्या दिवशी हेच शिकवलं.

पण कंटेनरकडून अपेक्षा मापात ठेवा. त्यात कुकीज वेगळ्या होतात. हिस्ट्री, बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड सगळ्या कंटेनरना सामाईकच राहतात. त्यामुळे घर आणि ऑफिस वेगळं ठेवायला कंटेनर पुरत नाही, त्याला वेगळं प्रोफाइलच लागतं. फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये about:profiles टाइप करून ते पान उघडलं की नवं प्रोफाइल करता येतं आणि दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येतात. माझ्या ऑफिसच्या प्रोफाइलची थीम पांढरी आहे, घरच्याची गडद हिरवी. पार्टी शेजारी खुर्चीवर बसलेली असताना ॲड्रेस बारमध्ये दोन अक्षरं टाइप केली आणि खाली घरच्या डॉक्टरांच्या रिपोर्टचं पान सुचवलं गेलं, असं मला नको. पार्टीलाही तिच्या नोटिशीचं नाव माझ्या घरच्यांसमोर यायला नको. लोक आपल्या व्यवसायाचे आकडे विश्वासाने आपल्याकडे देतात, तेव्हा एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

आता एज. डिजिटल सहीचं काम मी तिथे करते. डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या, यूएसबी टोकनला ब्राउझर स्वतः हात लावत नाही. संगणकावर चालणारा ईएमसाइनरसारखा छोटा प्रोग्रॅम सही करतो आणि ब्राउझर त्याच संगणकाच्या आतल्या पत्त्यावर त्याच्याशी बोलतो. त्या पत्त्याचं प्रमाणपत्र (ओळख पटवणारी डिजिटल नोंद) ब्राउझरला विश्वासाचं वाटलं नाही तर सहीचं बटण दाबूनही काही होत नाही. विंडोजवर विश्वासाची म्हणून बसवलेली प्रमाणपत्रं एज मानतो. फायरफॉक्स प्रमाणपत्रांची स्वतःची यादी ठेवतो, म्हणून तिथे त्या पत्त्यासाठी अपवाद वेगळा जोडावा लागू शकतो. जमतं, पण दर नव्या संगणकावर ते करत बसण्यापेक्षा सहीसाठी एज उघडणं सोपं.

एजचा दुसरा उपयोग जुन्या साइटसाठी. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला, तरी त्याच्याशिवाय न उघडणारी पानं आजही कुठेकुठे भेटतात. एजमध्ये अशा पानांसाठी आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड आहे, मायक्रोसॉफ्टने तो किमान २०२९ पर्यंत चालवायचं सांगितलं आहे. सेटिंगमध्ये परवानगी देऊन पत्ता यादीत टाकायचा. ही नोंद ३० दिवसांनी संपते, मग पुन्हा टाकावी लागते. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ अशी तक्रार कुणी केली तर मी आधी ही यादी बघते.

घरी आल्यावर प्रश्न बदलतो. तिथे मुख्य त्रास जाहिरातींचा, आणि त्यातही खोट्या जाहिरातींचा. सिंहस्थ जवळ येतोय, बाहेरगावचे नातेवाईक आत्तापासून विचारतात की त्र्यंबकला राहायची सोय कुठे होईल, आणि शोध घेतला की सगळ्यात वर येतं ते पैसे देऊन वर आलेलं. घरच्या प्रोफाइलमध्ये मी यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं आहे. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही-३ हे एक्स्टेन्शनसाठीचे नवे नियम आणले आणि २०२४-२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यात पूर्ण यूब्लॉक ओरिजिन गेलं, त्याची लाइट आवृत्ती तेवढी उरली. फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती चालते. अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येही चालते, आणि फोनवर तिचा उपयोग आणखी जाणवतो. आयफोनवर मात्र ही सोय नाही. तिथे फायरफॉक्सही आतून ॲपलच्या वेबकिट इंजिनावरच (पान उघडून दाखवणारा ब्राउझरचा गाभा) चालतो. ज्यांना काही बसवायचं-जुळवायचं नसेल त्यांना मी ब्रेव्ह सांगते, त्यात जाहिराती अडवायची सोय आधीपासूनच असते.

बाबांची गोष्ट वेगळी. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, रोज दोन-तीन मराठी वर्तमानपत्रं वाचल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही, पण आता डोळे लवकर दमतात. त्यांना मी एज लावून दिला, फक्त मोठ्याने वाचून दाखवायच्या सोयीसाठी. त्यात आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत आणि ते खरोखर ऐकण्यासारखे आहेत. जोडाक्षरं नीट येतात, वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरतो. “अगं, हा मनोहर जरा हळू वाचेल का?” असं बाबांनी विचारलं, तेव्हा वेगही कमी करून दिला. वयस्कर माणसांसाठी ब्राउझर निवडत असाल तर ही एक गोष्ट बाकी सगळ्याच्या वर ठेवा.

मेमरीबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. माझा लॅपटॉप ८ जीबीचा आहे. एज न वापरलेले टॅब झोपवतो, क्रोममध्येही मेमरी सेव्हर आहे, आणि तीसेक टॅब उघडे ठेवले की कुठलाही ब्राउझर मशीन जड करतो.

फायरफॉक्स निवडण्यामागे माझं आणखी एक कारण आहे आणि ते मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. क्रोम, एज, ब्रेव्ह, व्हिवाल्डी, ऑपेरा ही सगळी क्रोमियम या गूगलच्या एकाच पायावर उभी आहेत. ॲपलचं वेबकिट सोडलं तर मोठ्या वापरातलं वेगळं इंजिन एकच उरतं, फायरफॉक्सचं गेको. ते गेलं तर वेबसाइट बनवणारे एकाच इंजिनावर तपासून मोकळे होतील आणि एक्स्टेन्शनचे नियम मोजक्या कंपन्यांच्या हातात जातील. मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गूगलकडून, शोधयंत्राच्या करारातून येतं, हेही खरं आहे. पण म्हणूनच वापरणाऱ्यांची संख्या टिकणं मला गरजेचं वाटतं. काही साइट फक्त क्रोमवर तपासलेल्या असतात आणि फायरफॉक्समध्ये एखादा फॉर्म अडतो. तेवढ्यापुरता मी एज उघडते आणि परत येते.

तुम्ही बदल करणार असाल तर सिंकचं, म्हणजे पासवर्ड-बुकमार्क दुसऱ्या उपकरणांवर न्यायचे का याचं, आधी ठरवा. मी फक्त घरचं प्रोफाइल फोनशी जोडलं आहे. फायरफॉक्सचं सिंक मुळातच एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे वाटेत ते कुणालाही, मोझिलालाही, वाचता येत नाही. ऑफिसचं प्रोफाइल कुठेच जोडलेलं नाही आणि त्याला प्रायमरी पासवर्ड लावला आहे, म्हणजे लॅपटॉप कुणाच्या हाती लागला तरी साठवलेले पासवर्ड त्याशिवाय उघडत नाहीत. जुन्या ब्राउझरमधून पासवर्ड नेताना सीएसव्ही फाइल निघते. ती साधी मजकुराची फाइल असते, कुणीही उघडून वाचू शकतं. नव्या ब्राउझरमध्ये पासवर्ड आले याची खात्री झाली की ती लगेच डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही. आणि डाउनलोड्स फोल्डर क्लाउडवर बॅकअप होत असेल तर तिथलीही प्रत काढा.