१ जीबीच्या सर्व्हरवर कॅडी: एंजिनएक्स सोडल्यानंतरचा अनुभव

मांडणी साधी आहे. मुंबईच्या डेटा सेंटरमधला १ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर, त्यावर उबंटू २४.०४, पीएचपी ८.३, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पाच-सहा वर्डप्रेस साइट. महाद्वार रोडवरचं चपलांचं दुकान, अंबाबाईच्या देवळाजवळचं यात्री निवास, मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या, उद्यमनगरातलं कास्टिंगचं वर्कशॉप. कोल्हापुरात वेबसाइटची कामं घेणाऱ्याकडे साधारण असाच गठ्ठा असतो. या सगळ्यांसमोर आधी एंजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि त्याला एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट आणून देणारा सर्टबॉट होते, पावसाळ्याच्या आधीपासून कॅडी आहे, सर्टिफिकेट स्वतःच आणणारा वेब सर्व्हर. नवरात्रही त्यावरच निघालं.

निकाल आधीच सांगून टाकतो. सर्टिफिकेटची कटकट खरोखर संपते. पण उरतं ते सगळं सांध्यांवरचं असतं: पीएचपीशी जोडणी, डीएनएस (डोमेनच्या पत्त्याच्या नोंदी), वर्डप्रेसची जुनी गृहीतकं. तिथं कॅडी तुमच्यासाठी काही करत नाही.

कॉन्फिगरेशन हा याचा सगळ्यात मोठा फायदा, सर्टिफिकेटपेक्षाही मोठा. कॅडीफाइल या एकाच फाइलमध्ये एका वर्डप्रेस साइटला सहा-सात ओळी पुरतात: डोमेनचं नाव, रूट फोल्डर, कॉम्प्रेशनसाठी एन्कोड, पीएचपीच्या सॉकेटकडे (पीएचपीशी बोलायच्या खास फाइलकडे) बोट दाखवणारी पीएचपी-फास्टसीजीआयची ओळ आणि फाइल-सर्व्हर. पर्मालिंकसाठी, म्हणजे पानांच्या सुटसुटीत पत्त्यांसाठी, वेगळा नियम लागत नाही, तो पीएचपीच्या ओळीतच आहे. एचटीटीपीच्या ८० पोर्टवरून एचटीटीपीएसच्या ४४३ वर वळवणंही आपोआप होतं. फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं नाव आपोआप येत नाही. त्याचा वेगळा ब्लॉक करून मूळ नावाकडे कायमचं रिडायरेक्ट द्यावं लागतं. हे विसरलं तर जुन्या व्हिजिटिंग कार्डांवर छापलेला पत्ता उघडतच नाही, आणि कार्डं तर हजारांनी वाटलेली असतात.

बदल केल्यावर आधी कॅडीचा व्हॅलिडेट, मग सिस्टिमसीटीएलने रीलोड. फाइल चुकीची असेल तर रीलोड नाकारला जातो आणि जुनं कॉन्फिगरेशन तसंच चालू राहतं. रीस्टार्टची सवय असेल तर ती मोडा, कारण चुकीच्या फाइलवर रीस्टार्ट म्हणजे सगळ्या साइट एकदम बंद.

आता सर्टिफिकेट. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि एक तृतीयांश आयुष्य उरलं की कॅडी नवं घेतं. लेट्स एनक्रिप्ट नकार देत राहिलं, आणि कॅडीफाइलमध्ये ईमेल दिलेला असला, तर झीरोएसएसएल या तशाच दुसऱ्या सेवेकडे जातं. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एनक्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले, त्यामुळे सर्टबॉटचा टायमर मुकाट्याने बंद पडला तर आधी कळायचा तो एक मार्गही गेला. शिवाय मुदती आखडत चालल्या आहेत: १५ मार्च २०२६ पासून कोणत्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षाचं सर्टिफिकेट विकत घेऊन हाताने चढवण्याचे दिवस गेले. एंजिनएक्सनेही २०२५ मध्ये स्वतःचं अ‍ॅक्मी (आपोआप सर्टिफिकेट घेण्याच्या पद्धतीचं) मॉड्यूल आणलं आहे, त्यामुळे फक्त सर्टिफिकेटसाठी कॅडीवर या असं आता म्हणवत नाही.

सर्टिफिकेट मिळत नसेल तर बहुतेक वेळा कारण यांपैकीच असतं. ८० आणि ४४३ पोर्ट उबंटूच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये उघडलेले असतात, पण भाड्याच्या सर्व्हरच्या पॅनेलमध्ये दुसरी फायरवॉल असते आणि तिच्यात ते बंद असतात. किंवा डोमेनला जुन्या होस्टिंगच्या काळातली आयपीव्ही६ नोंद शिल्लक असते. डोमेन तुमचंच आहे का ही लेट्स एनक्रिप्टची तपासणी आयपीव्ही६ ला प्राधान्य देते, त्यामुळे ए-नोंद (आयपीव्ही४ पत्त्याची) बरोबर असूनही तपासणी भलत्याच मशीनकडे जाते. आपल्याकडे साइट उघडते, तपासणी मात्र नापास, आणि माणूस तासभर डोकं खाजवतो. ती नोंद काढून टाका किंवा नव्या पत्त्यावर आणा. साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअरची मध्यस्थ सेवा असेल तर एसएसएल मोड फ्लेक्सिबल नको, फुल स्ट्रिक्ट हवा. फ्लेक्सिबलमध्ये क्लाउडफ्लेअर साध्या एचटीटीपीने येतं, कॅडी त्याला एचटीटीपीएसवर पाठवतं आणि ब्राउझर गोल गोल फिरत राहतो.

पुन्हा पुन्हा प्रयत्न करून मर्यादा ओलांडायची भीती मात्र कॅडीमध्ये कमी. एका नावासाठी तासाला पाच नापास तपासण्या झाल्या की लेट्स एनक्रिप्ट थांबवतं, पण पहिल्या अपयशानंतर कॅडी स्वतःच त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर प्रयत्न करतं आणि प्रयत्नांमधलं अंतर वाढवत नेतं. फक्त वैतागून मधेच रीस्टार्ट करत बसू नका, हे शहाणपण वाया जातं. साइट हलवायच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा ते) ३०० सेकंदांवर आणला की हा प्रश्न मुळातच छोटा होतो.

सांध्यांमधला पहिला सांधा पीएचपीचा. उबंटूवर पीएचपी-एफपीएमचं (पीएचपी चालवणाऱ्या सर्व्हिसचं) सॉकेट डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरच्या मालकीचं, परवानगी ६६०, म्हणजे मालक आणि त्याच्या गटापुरतीच. एंजिनएक्स त्याच युजरने चालतं म्हणून कधी जाणवत नाही. कॅडी स्वतःच्या कॅडी नावाच्या युजरने चालतं, त्यामुळे पहिल्या दिवशी ५०२ (मागची सर्व्हिस मिळाली नाही) ठरलेला. सिस्टिमच्या लॉगमध्ये, म्हणजे जर्नलसीटीएलमध्ये, परमिशन डिनाइड दिसतं. कॅडी युजरला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा गटात घाला आणि इथं मात्र रीस्टार्टच करा, कारण गटाचा बदल चालू प्रोसेसला लागू होत नाही. साइटचे फोल्डर होममध्ये ठेवले असतील तर ४०३ (प्रवेश नाही) येईल, नव्या उबंटूत होम फोल्डर ७५० असतं, म्हणजे बाकीच्या युजरना बंद. व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हीच जागा बरी. सॉकेटच्या नावात पीएचपीची आवृत्ती असते हेही ध्यानात ठेवा: पीएचपी वर नेलं आणि कॅडीफाइल तशीच राहिली की पुन्हा ५०२.

दुसरा सांधा एचटीअ‍ॅक्सेस, म्हणजे अपाची वेब सर्व्हरसाठी फोल्डरात ठेवायची नियमांची फाइल, आणि यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. कॅडी ती फाइल वाचतच नाही. एंजिनएक्सही वाचत नाही, पण तिथं लोकांनी वर्षानुवर्षं फिरणारे तयार नियम चिकटवलेले असतात. कॅडीच्या सहा ओळींत त्यातलं काहीच नसतं. कित्येक बॅकअप प्लगइन आपल्या फोल्डरात एचटीअ‍ॅक्सेस टाकून समजतात की कुलूप लागलं. कॅडीवर ते दार सताड उघडं. डेटाबेसचा एसक्यूएल डंप, गिटचं फोल्डर, वर्डप्रेस कॉन्फिगच्या शेवटी डॉट-बॅक लावून ठेवलेली प्रत, सगळं फाइल-सर्व्हर इमानेइतबारे पाठवून देतं. म्हणून प्रत्येक साइटला एक सामाईक तुकडा जोडावा आणि त्यात डॉटने सुरू होणारे मार्ग, एसक्यूएल, लॉग व बॅक फाइल, एक्सएमएलआरपीसी (वर्डप्रेसची बाहेरून जोडायची जुनी फाइल) आणि अपलोड्समधली कोणतीही पीएचपी फाइल यांना ४०३ द्यावा. डॉटच्या नियमातून वेल-नोन फोल्डर वगळा, इतर सेवांच्या पडताळणी-फाइल तिथं असतात.

हा नियम लिहिताना रेग्युलर एक्सप्रेशनच वापरा. साध्या मार्गाच्या नियमात मधला तारा स्लॅश ओलांडत नाही. अपलोड्स, स्लॅश, तारा, डॉट पीएचपी असं लिहिलं तर वर्ष-महिन्याच्या उपफोल्डरातली फाइल त्यातून सुटते, आणि वर्डप्रेस तर अपलोड त्याच उपफोल्डरांत ठेवतं. तसंच स्लॅश-तारा असा शेवट केलेला नियम त्या फोल्डरच्या नुसत्या नावाला लागू पडत नाही. नियम लिहून थांबू नका, कर्ल या कमांडने प्रत्येक पत्ता मारून ४०३ येतोय का ते बघा.

नियम फाइलमध्ये वर लिहिला की खाली याने फरक पडत नाही, कारण डायरेक्टिव्हचा (कॅडीफाइलमधल्या आज्ञांचा) क्रम कॅडीने ठरवलेला आहे. ४०३ देणाऱ्या रिस्पॉन्डचा नंबर पीएचपीच्या आधी लागतो म्हणून वरचं जमतं. स्वतःचाच क्रम हवा असेल तर रूट (route) नावाचा ब्लॉक आहे.

मराठी साइटवाल्यांसाठी एक गोष्ट, कॅडीची नव्हे पण साइट हलवताना हमखास समोर येणारी. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षरचिन्हाला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात, यूआरएलमध्ये एन्कोड झाल्यावर ती ९ चिन्हं होतात. वर्डप्रेसच्या स्लगच्या, म्हणजे लेखाच्या पत्त्यातल्या नावाच्या, रकान्यात २०० चिन्हं मावतात. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हांवर देवनागरी स्लग तुटतो, अर्ध्या शब्दात. जुन्या तुटक्या पत्त्यांवरून रिडायरेक्ट द्यायचं असेल तर कॅडीफाइलमध्ये मार्ग सरळ देवनागरीत लिहा, टक्क्यांची माळ नको. तुलना डिकोड केलेल्या मार्गाशीच होते.

रॅमचा हिशेब मात्र वहीत मांडा. कॅडी गोमध्ये लिहिलेलं आहे, एंजिनएक्सपेक्षा जास्त खातं, आमच्याकडे चाळीसेक एमबीच्या आसपास. मारियाडीबी अडीचशे-तीनशे, बाकी सिस्टिम दीडशे. थोडी जागा राखून उरले चारशे-साडेचारशे. वर्डप्रेसची एक पीएचपी प्रोसेस साठ-सत्तर एमबी धरली तर मॅक्स चिल्ड्रन (एका वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसची मर्यादा) सहाच्या वर नेऊ नये, आणि हा आकडा सगळ्या पूलची, म्हणजे प्रोसेसच्या गटांची, बेरीज आहे. प्रत्येक साइटला वेगळा पूल करून मूळचा ५ तसाच ठेवला तर सहा साइटींचे तीस होतात. पूल ऑनडिमांड (गरजेपुरत्या प्रोसेस चालू करणारे) ठेवा, २ जीबीची स्वॅप फाइल करा. नाहीतर नवरात्रात यात्री निवासाच्या साइटवर गर्दी झाली की कर्नल मेमरीसाठी सगळ्यात मोठा गडी बघून मारतं, तो बहुतेक मारियाडीबी असतो, आणि एका लॉजपायी चपलाही दिसेनाशा होतात. तयार पानं साठवणाऱ्या पेज कॅशने फरक पडतो, पण नवरात्राच्या आधी लावून तपासा, घटस्थापनेच्या सकाळी नव्हे.

अ‍ॅक्सेस लॉग मुळात बंद असतो, चालू करावा लागतो. फाइलला १०० एमबीची मर्यादा आणि दहा जुन्या प्रती हे मूळ माप आहे. प्रत्येक साइटला वेगळी फाइल केली तर लहान डिस्कवर हे जास्त होतं, म्हणून २० एमबी आणि तीन प्रती पुरे. लॉग जेसन असतो, जेक्यू या कमांडने वाचायला मस्त, पण फेलटूबॅनचे (लॉग बघून हल्लेखोरांना अडवणाऱ्या प्रोग्रामचे) तयार फिल्टर त्यावर चालत नाहीत. एचटीटीपीची नवी, यूडीपीवरून चालणारी आवृत्ती एचटीटीपी/३ मूळची चालू असते. फायरवॉलमध्ये ४४३ यूडीपीही उघडा, एवढंच.

लॉगिनवर रेट लिमिट (ठरावीक वेळात किती प्रयत्न चालतील याची मर्यादा) हवं असेल तर कॅडीची खरी कमतरता दिसते. एंजिनएक्समध्ये ते आत आहे, इथं बाहेरचं मॉड्यूल घालून एक्सकॅडी या हत्याराने कॅडीची बायनरी नव्याने बांधावी लागते. ती जागेवर ठेवून निवांत झालात की पुढच्या अ‍ॅप्ट अपग्रेडला मूळ बायनरी परत येते, कॅडीफाइलमधली रेट लिमिटची ओळ तिला ओळखता येत नाही आणि सर्व्हिस उठतच नाही. डीपीकेजी-डायव्हर्ट या कमांडने आपली बायनरी बाजूला सुरक्षित ठेवा किंवा पॅकेज होल्डवर टाका, म्हणजे अ‍ॅप्ट त्याला हात लावणार नाही. होल्ड केलं तर सुरक्षा-सुधारणा हाताने बांधायची जबाबदारी तुमची. दोन-तीन साइटींसाठी इतकं करण्यापेक्षा लॉगिनचं पान बेसिक ऑथमागे (ब्राउझर विचारतो त्या जादा पासवर्डमागे) टाकणं सोपं. तेवढं मूळच्या कॅडीतच आहे.

ग्राहकाला सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) हवं असेल, तो स्वतः प्लगइन लावून एचटीअ‍ॅक्सेस बदलत असेल, तर त्याला कॅडीवर आणू नका. अपाची आणि त्याचं सर्टिफिकेट आणणारं मॉड-एमडी त्याच्यासाठी ठीक. बाकीच्यांनी सर्व्हर बदलताना साइटच्या फोल्डरांबरोबर व्हार-लिब-कॅडी हे फोल्डरही नव्या मशीनवर न्यावं आणि मालकी कॅडी युजरकडे द्यावी. सर्टिफिकेटं आणि खात्याच्या किल्ल्या तिथं आहेत, ती सोबत असली की डीएनएस वळायच्या आधीच नवा सर्व्हर कुलपासकट तयार असतो.