हिरेबेणकलची ट्रिप: वाटाड्याला ५ स्टार, गाडीला २

सोलापुरातून कर्नाटकातल्या हिरेबेणकलला जायला एका ट्रॅव्हल्सची गाडी केली होती, आम्ही चौघं आणि आई. हंपी सगळेच करतात, पण तिथून जवळच गंगावतीकडच्या डोंगरावर दगडी घरांची अख्खी वस्ती उभी आहे हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाय, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आधी गाडीचं सांगतो. पहाटे ४ ला निघायचं ठरलेलं, गाडी सात रस्त्याला आली पावणेसहाला, मग विजयपूर, कुष्टगी करत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर, आणि वर ड्रायव्हर म्हणतो तासाभरात या, तिथं बघण्यासारखं काय नाय. अरे, तासाभरात वर चढून बघून उतरणं होतंय का, सगळी खडकातली चढण, सावली नाही. लई राग आला.

पण खालच्या गावातले एक काका वाटाड्या म्हणून मिळाले आणि दिवस सोन्याचा झाला. ते कन्नडच बोलतात, आईचं माहेर अक्कलकोटकडचं त्यामुळं तिला सगळं कळत होतं, ती आम्हाला मराठीत सांगत होती. त्या डोंगराला तिकडं मोर्यर गुड्ड म्हणतात, मोर्य म्हणजे बुटकी माणसं, त्यांची ही घरं असं जुनी लोकं सांगतात. आणि बघितल्यावर घरंच वाटतात हो, ग्रॅनाइटच्या उभ्या फरश्यांच्या भिंती, वर आडवी फरशी छप्पर म्हणून, चुना नाही माती नाही, आणि काहींच्या एका फरशीत गोल भोक. आईनं त्यात हात घातला, म्हणाली आत गार आहे, मग काकांना विचारलं चूल कुठं मांडत असतील? काका म्हणाले, अक्का, ही जित्या माणसांची नव्हेत, मेलेल्यांची घरं. आई एकदम गप्प झाली, चप्पल काढून बाजूला ठेवली.

अशी ४०० च्या आसपास आहेत, काही गुडघ्याएवढी, काही माणसापेक्षा उंच. इ.स.पू. ८०० ते २०० च्या दरम्यानची मानतात, म्हणजे बाराव्या शतकातल्या आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्याही कितीतरी आधीची! आपल्या नळदुर्गला इंग्रज अधिकारी होता तो मेडोज टेलर, त्यानं एकोणिसाव्या शतकातच यावर लिहिलंय. २०२१ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत पण नाव लागलं. वर एक नगाऱ्यासारखा मोठा दगड आहे, काकांनी लाकडानं ठोकला तर असा घुमला की पोरं परत परत ठोका म्हणत होती.

काही फरश्यांवर लोकांनी नावं कोरलीत, ते बघून फार वाईट वाटलं. कृपा करून असलं करू नका.

जाणार असाल तर माणशी २ लिटर पाणी घ्या, कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून न्या, वर काही मिळत नाय. वाटाड्या घ्याच, नाहीतर नुसते दगड बघून याल. एका दिवसात सोलापूर-सोलापूर करू नका, आम्ही रात्री दीडला घरी पोचलो. आता गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी परत जायचंय, गंगावतीला मुक्काम करून, उजाडताच चढायला लागायचं असं आईनंच ठरवलंय.